जोडीदार सोबत आले आहेत का?

माझ्या मैत्रिणी म्हणतात, "सुनीता, तुझ्याकडे किस्से फार!"

अगं, मी काय किस्से जमवायला गेले होते? मी जमवला तो संताप! रोज कॉलेजातून घरी येताना थोडा थोडा घेऊन आले. सांगणार कुणाला? तो तसाच आत पडून राहिला. आता इतक्या वर्षांनी मावा जिलेबीची प्लेट समोर ठेवून कुणी "सांग ना गं" म्हटलं की तोच बाहेर निघतो, आणि तुम्ही लोक पोट धरून हसता. हसा. मला त्या वेळी काडीचंही हसू आलं नव्हतं.

तर झालं असं, की आमच्या बुऱ्हाणपुरात मिशनवाल्यांच्या कॉलेजात एम.ए. निघालं. मॅरेज अँड फॅमिली थेरपी! सोप्या भाषेत सांगायचं तर नवरा-बायकोच्या, घरच्यांच्या भांडणात मध्ये बसायचं, पण शिकून सवरून. कॉलेजलाच लागून एक सल्ला केंद्र होतं. तिथं खेड्यापाड्यातून लोक यायचे आणि आम्ही विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत बसून काम शिकायचं.

मी तेव्हा छत्तीस वर्षांची. लग्नाला सोळा वर्षं झालेली. शनवारा मोहल्ल्यात आमचं चादरींचं दुकान. लग्न झाल्यापासून मी रोज दुपारी दुकानात बसायची, चादरींच्या घड्या घालायची, दुपारचा डबा आम्ही दोघं गल्ल्यामागे बसून खायचो. सोळा वर्षं घड्या घातल्या! एक दिवस म्हटलं, बस झालं. फॉर्म भरून टाकला.

आमचे हे म्हणाले, "दोन वर्षं शिक. पास झालीस तर त्याच केंद्रात नोकरी कर, माझी ना नाही. नाही झालीस तर मग दुकानात ये परत."

पास व्हायचंच होतं मला. परत घड्या घालायला जायचं नव्हतं!

*

शनवाऱ्यात बातमी पसरायला किती वेळ लागतो? समोरच्या मालूकाकूंनी तिसऱ्याच दिवशी गाठलं.

"काय गं, नवरा-बायकोनं कसं राहायचं, हे शिकायला कॉलेज लागतं का?"

मी म्हटलं, "काकू, तुमचं आणि काकांचं बोलणं किती वर्षं बंद आहे?"

"सात."

"मग?"

"मग काय! सात वर्षं एक भांडण नाही आमच्यात!" काकू तोऱ्यात म्हणाल्या.

पुढे माझं टेक्स्टबुक आलं. जाडजूड, काळ्या पुठ्ठ्याचं, वर सोनेरी अक्षरं, थेट बायबलासारखं. कुटुंब म्हणजे काय, त्यात कोण कुणाशी कसं वागतं, असलं सगळं त्यात. पण ते छातीशी धरून मी गल्लीतून गेले आणि संध्याकाळी सासूबाईंना चार जणींनी विचारलं, "सून बाप्तिस्मा कधी घेणार?"

सासूबाई काय म्हणाल्या असतील? "तिले तिच्या नवऱ्याचं ऐकायले टाइम नाही, येशूचं कधी ऐकीन?"

मला असा राग आला! म्हटलं, आई, माझी बाजू घेताय की तक्रार करताय? तर म्हणे, "दोन्ही."

*

आता खरी गंमत ऐका. गंमत म्हणजे माझ्या जिवावर उठलेली गोष्ट.

पहिल्याच आठवड्यात आमच्या जोसेफ सरांनी नियम वाचून दाखवले. सर केरळचे, बुटके, फार शांत. हिंदी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे भांडणाऱ्या माणसालाही "कृपया आसन ग्रहण कीजिए" म्हणायचे. त्यांनी चष्मा पुसला आणि शेवटचा नियम वाचला. लग्न झालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं स्वतःच्या जोडीदाराला घेऊन सहा वेळा समोरच्या खुर्चीत बसायचं. सल्ला देणाऱ्याच्या नाही, सल्ला मागणाऱ्याच्या खुर्चीत! सहा बैठका झाल्या नाहीत तर बाकी सगळे पेपर पास असले तरी डिग्री नाही. पहिली बैठक झाली नसेल त्याला शेवटच्या परीक्षेला बसायचं नाही, उरलेल्या नंतर पुऱ्या करता येतील.

मी त्या रात्री जेवण वाढताना ह्यांना सांगितलं.

"मला काय झालंय?" हे म्हणाले.

"काही झालं नाही. नुसतं येऊन बसायचं."

"नुसतं बसायला दुकान आहे."

विषय संपला! दोन वर्षांची माझी मेहनत सुरू होण्याआधीच एका वाक्यात गेली. मी वाटी अशी आपटली की आमटी ताटाबाहेर. ह्यांनी काय केलं? फडकं आणून पुसून घेतलं आणि जेवायला लागले.

मला सांगा, अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

*

केंद्रात आम्हाला पाळीपाळीनं दाराजवळच्या टेबलावर बसावं लागायचं. आलेल्याला नंबरचा पत्र्याचा बिल्ला द्यायचा आणि फॉर्म भरून घ्यायचा. नाव, वय, गाव, येण्याचं कारण. मग छापलेलं असायचं, "जोडीदार सोबत आले आहेत का? नसल्यास कारण."

हा फॉर्म कुणी छापला देव जाणे! त्या माणसाच्या गावात नवरे येत असावेत.

आमच्याकडे बाया यायच्या. सासवा यायच्या, आत्या, मावश्या, शेजारणी यायच्या. एकदा एका बाईसोबत तिच्या गावची अंगणवाडीताई आली होती. नवरा? नाही! मी विचारायची, "सोबत आलेत का?" ती पदर सावरून म्हणायची, "नाही. त्यायले काम असते."

केळीचं पाणी सुरू आहे, काम. कापूस वेचायचा आहे, काम. केळीची गाडी भरायची आहे, काम. पाऊस पडतोय म्हणून घरी बसलेत, तरी काम! एका बाईनं तर सांगितलं, "त्यायचं सध्या काही नाही, पण काम निघू शकते."

मी पहिले काही महिने रागानं दात-ओठ खात 'काम' लिहायची. मग नुसता 'का.' लिहायला लागले. जोसेफ सरांनी एकदा गठ्ठा चाळला आणि विचारलं, "ये 'का' क्या बीमारी है?"

म्हटलं, "सर, यहाँ सब मर्दों को है।"

*

आणि जो आला, त्यानं काय केलं ते ऐका.

निंबोल्याची एक बाई चार वेळा एकटीच आली. नवरा घरात बोलतच नाही, अशी तिची तक्रार. पाचव्या वेळी काय चमत्कार झाला कोण जाणे, ती नवऱ्याला घेऊन आली! केळीवाला शेतकरी, पांढरा स्वच्छ सदरा, कडक मिशा. मी तर नाचायचीच बाकी होते. माझं पहिलं जोडपं!

आमच्या खोलीत तीन खुर्च्या. दोन वेताच्या, जोडप्यासाठी. एक गोल फिरणारी, गादीची, थेरपिस्टची. मी फाइल आणायला वळले आणि परत बघते तर काय? हा गृहस्थ फिरत्या खुर्चीत! आपल्याकडे पाहुणा पुरुष आला की घरातली सगळ्यात चांगली खुर्ची त्याची, त्यात त्याला विचारायचं काही कारणच नव्हतं. बायको दाराजवळ सतरंजीवर बसली. दोन्ही वेताच्या खुर्च्या रिकाम्या, आणि मी थेरपिस्ट, फाइल घेऊन उभी!

त्यानं खुर्ची एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून पाहिली. मग मला वेताच्या खुर्चीकडे हात केला.

"बसा ताई. हां, सांगा आता. काय अडचण हाये तुमची?"

आणि मी काय केलं असेल? अहो, मी बसले! आणि सांगितली! वर्षभराचं साठलेलं तोंडातून निघूनच गेलं. म्हटलं, "माझा नवरा सोबत येत नाही हो. कितीदा सांगितलं. त्याच्यामुळे माझी डिग्री अडलीय."

तो गंभीरपणे ऐकत होता. मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "त्याले काम असीन."

सतरंजीवरून त्याची बायको ओरडली, "पाहा ताई! पाहा! घरी असंच करतात हे!"

*

देडतलाईहून एकदा एक घर आलं. हो, घरच! ट्रॅक्स गाडीतून अकरा माणसं उतरली. सासू, सासरे, दोन जावा, एक मामा, पोरं, सून आणि सुनेची आई. सून आणि मुलाचं पटत नाही, म्हणून सगळे आले.

मी बिल्ले वाटून दमले. खोलीत सतरंज्या अंथरल्या. जोसेफ सर म्हणाले, आधी खानदानाचा नकाशा काढा. म्हणजे कोण कुणाचा कोण, ते कागदावर मांडायचं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. मी चौकोन काढतेय, गोल काढतेय, मामा सांगतोय, सासू खोडतेय. अर्धा तास गेला! सगळे चौकोन भरले आणि मधला एक राहिला.

"अहो, नवरा कुठाय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग सासू म्हणाली, "तो खाली गाडी राखून राह्यला."

माझं डोकं फिरलं! मी तरातरा खाली उतरले. चांगला तिशीचा माणूस स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. म्हटलं, "काय हो दादा, भांडण तुमचं, बायको तुमची, आणि तुम्ही इथं गाडीत बसलात? लाज वाटत नाही? अकरा माणसं वर तुमच्यासाठी बसलीत!"

तो घाबरून खालीच उतरला.

"मॅडम, मले कोणी सांगितलंच नाही वर यायचं. मले म्हणले, गाडी काढ."

"मग तुम्हाला काय वाटलं, कुठं निघालेत सगळे?"

"दवाखान्यात. म्हटलं, आईले काही होत असीन."

मी वर परत गेले ती कुणावर ओरडू, हेच समजेना. अकराच्या अकरा जणांवर ओरडले.

*

कॉलेजात आम्हाला शिकवायचे, समोरचा बोलला की त्याचं म्हणणं त्यालाच ऐकवायचं, त्यामागची भावना ओळखून. म्हणजे त्याला कळतं, कुणीतरी आपलं ऐकतंय. सर म्हणाले, घरी प्रॅक्टिस करा.

मी टेबलावर असाइनमेंट घेऊन बसलेली. ह्यांचा चहा करून बाजूला ठेवला होता. हे आले, कपाला हात लावला.

"चहा गार झाला."

मला आठवलं, हीच वेळ! पेन खाली ठेवलं, मान थोडी वाकडी केली, सर करतात तशी. म्हटलं, "म्हणजे चहा गार झाल्यामुळे तुम्हाला असं वाटतंय, की तुमच्याकडे दुर्लक्ष होतंय."

हे माझ्याकडे बघत राहिले.  काहीतरी बोलणार असं वाटलं. मग म्हणाले, "नाही. चहा गार झाला."

आणि गारच पिऊन दुकानात गेले!

सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हेच शिकवतात का तिथं? फीस देऊन?"

मी वैतागून वहीत लिहिलं, 'जोडीदार प्रतिसाद देत नाही.' सरांनी त्याच्याखाली लाल पेनानं विचारलं, 'चहा दोबारा गरम किया?'

नाही केला. असाइनमेंट द्यायची होती ना!

*

त्याच वर्षांत आमच्या कॉलेजात इंटिग्रेशनचं भूत शिरलं होतं. इंटिग्रेशन म्हणजे श्रद्धा आणि मानसशास्त्र यांची सांगड. वरून हुकूम आला होता, की प्रत्येक पेपरच्या शेवटी एक पान लिहायचं, तुमचा धर्म या विषयावर काय सांगतो. बाकीचे बायबल उघडून भराभर लिहायचे. वर्गात हिंदू मी एकटी! मला कोण सांगणार?

मी सरांकडे गेले, तावातावानं. "सर, मैं क्या लिखूँ? मेरे को तो कुछ पाठ नहीं!"

सर म्हणाले, "आपके घर में जो बड़े हैं, उनसे पूछिए।"

विषय होता, पती-पत्नीतला राग. मी सासूबाईंना विचारलं, "आई, नवरा-बायकोच्या भांडणावर आपला धर्म काय सांगतो?"

त्या मेथी निवडत होत्या. जराही विचार न करता म्हणाल्या, "संध्याकाळची भाजी फोडणीले टाकायच्या आधी मिटवायचं."

"का?"

"नाही त मीठ जास्त पडते."

मी रागारागात तेच लिहिलं. जसंच्या तसं! म्हटलं, नापास करा, करायचं तर. पेपर परत आला तेव्हा वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला. खाली सरांनी लिहिलं होतं, 'हमारे यहाँ भी लगभग यही लिखा है। सब्ज़ी छोड़कर।'

फिलिप महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

*

फिलिप म्हणजे आमच्या वर्गातला पास्टरांचा मुलगा. चोवीस वर्षांचा, बिनलग्नाचा, पण मोठमोठ्या नवऱ्यांना संसार कसा करायचा ते सांगायचा. त्याला जोडीदार नाही, म्हणून नियमात सवलत. त्यानं आई-वडिलांना घेऊन बसायचं.

त्याचे पप्पा आले. अर्ध्या बुऱ्हाणपूरची भांडणं सोडवलेला माणूस! ते म्हणाले, सुरुवात प्रार्थनेनं करू. सर म्हणाले, अवश्य. पप्पांनी डोळे मिटले.

आम्ही बाहेर बाकावर बसून ऐकत होतो. आधी जगासाठी, मग देशासाठी, मग कॉलेजसाठी प्रार्थना झाली. मग हळूच गाडी घरावर आली.

"हे प्रभू, तू जाणतोस की मी चष्मा टीव्हीवर ठेवतो. तू हेही जाणतोस की तो रोज कोण उचलतं. हे प्रभू, मी एकोणतीस वर्षं वांगं खात नाही, हे तुला माहीत आहे. मग हे घरात आणखी कुणालाच का माहीत नाही, प्रभू?"

चाळीस मिनिटं! आणि बैठक पन्नास मिनिटांची! मध्ये तोडणार कसं? प्रार्थना चालू आहे! शेवटी त्यांनी आमेन म्हटलं. सर तोंड उघडणार इतक्यात फिलिपच्या आईनं पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले.

"आता माझी," त्या म्हणाल्या.

दीड तास चालली.

फिलिप बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. पण सरांनी त्याच्या रजिस्टरमध्ये सही केली आणि म्हणाले, "बहुत अच्छा सत्र हुआ।" त्या पोराच्या सहाही बैठका महिन्याभरात पुऱ्या. त्याच्या आईला तर पुढची तारीख कधी, याचीच घाई असायची. आणि माझं रजिस्टर? कोरं! सतरा वर्षं संसार केलेल्या बाईचं रजिस्टर कोरं, आणि बिनलग्नाचा पास! सांगा, संताप येईल की नाही?

*

शेवटचा महिना आला. मी ह्यांना किती प्रकारे सांगितलं! गोड बोलून झालं, रडून झालं, भाजीत मीठ जास्त टाकून झालं. ह्यांचं एकच, "तिथं बसून मी काय बोलू?"

एकदा मात्र हे स्वतः होऊन माझ्या टेबलाजवळ आले. उभे राहिले. "सुनीता, मी काय म्हणत होतो..."

मी एका केसची फाइल लिहीत होते. देडतलाईच्याच घराची. म्हटलं, "एक मिनिट हं, एवढं संपवू द्या."

संपवून वर बघते तर हे झोपलेले. म्हणजे बघा! एक मिनिट थांबवत नाही माणसाला!

मग सासूबाईंनीच कंबर कसली. म्हणाल्या, "चाल, मी येते तुह्यासंग."

"आई, नवरा लागतो."

"अठरा वर्स या घरात तू कोणासंग राह्यली? त्याच्यासंग का माह्यासंग? तो सकाळी जाते, रात्री येते. दुपारचं दुकान सोडलं त दिवसभर तोंड कोणाचं पाहलं तू? माहं! भांडली कोणासंग? माह्यासंग! जोडीदार कोण झालं मग?"

 नवी साडी नेसून त्या खरंच रिक्षात बसल्या! केंद्रात येऊन सरांसमोर वेताच्या खुर्चीत बसल्या आणि मला बाजूच्या खुर्चीत बसवलं.

सर फार नम्रपणे म्हणाले, "माताजी, नियम में पति लिखा है।"

"नियम कोणी लिहिला?"

सरांनी कुठल्यातरी परदेशातल्या मंडळाचं नाव सांगितलं.

"त्याले इचारा, त्याची माय कोणाजवळ राह्यते," सासूबाई म्हणाल्या, आणि उठल्या.

त्या तासाची सही मिळाली नाही. मला नियमाचा इतका राग आला होता, की मी जिन्यातच रडायला लागले. सासूबाईंनी पदरानं माझं तोंड पुसलं. त्या हळूच म्हणाल्या, "तुह्याशिवाय डबा अर्धाच खाऊन वापस आणते तो. तुले सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं, "आई, आत्ता डब्याचं काय काढलंत? माझी डिग्री चाललीय!"

*

आणि आता शेवटचं सांगते.

शेवटच्या परीक्षेचे फॉर्म भरायला तीन दिवस राहिले होते. आदल्या रात्री मी ह्यांच्यावर वाटेल तशी ओरडले होते. म्हटलं, "निंबोल्याचा शेतकरी येतो, देडतलाईचा ड्रायव्हर येतो, पास्टर येतो! एक तुम्हीच कोण लागून गेलात? घाला मला परत दुकानात! घालते चादरींच्या घड्या मरेपर्यंत!" हे ऐकत होते.  नेहमीसारखे.

सकाळी माझी टेबलाची पाळी होती. बाजाराचा दिवस, म्हणून गर्दी फार. रांग पायऱ्यांपर्यंत गेलेली. मी मान खाली घालून फॉर्मवर फॉर्म भरत होते. डोळे सुजलेले, रात्रभर झोप नाही, वर बघायचीही इच्छा नव्हती. बिल्ला द्यायचा, विचारायचं, लिहायचं. पुढचा.

"नाव?"

"दिनकर."

माझं पेन थांबलं. मी वर बघितलं.

हे उभे होते. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. भर बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून आलेले! हातात पत्र्याचा बिल्ला, सतरा नंबरचा. म्हणजे सोळा माणसांच्या मागे, रांगेत उभं राहून आलेले.

मी फॉर्म समोर सरळ केला. 

"लिहा ना मॅडम," हे म्हणाले. "मागे लोक थांबलेत."

मी लिहिलं. वय लिहिलं. गाव लिहिलं.  माझ्याच नवऱ्याचा फॉर्म, आणि मी सवयीनं पुढचं विचारतेय!

"येण्याचं कारण?"

"इथं ऐकून घेतात, असं ऐकलं."

मागची एक म्हातारी "लवकर करा गं बाई" म्हणाली. मी पुढच्या ओळीवर आले. दोन वर्षांत शेकडो वेळा विचारलेला प्रश्न. 

"जोडीदार सोबत आले आहेत का?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बिल्ल्याकडे.

"नाही," हे म्हणाले. "तिला काम असतं."